निरय आणि करुणा : देवदत्ताच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी वर्षावासातील ग्रंथवाचनाच्या निमित्ताने मराठवाड्यातील एका गावच्या विहारात मज्झिमनिकायातील देवदूतसुत्त समजावून सांगण्याचा प्रसंग आमच्यावर आला. निरयातील शिक्षांचे वर्णन आम्ही शक्य तितके आवरते घेतले होते. तरीही वाचन संपल्यावर मागच्या रांगेतील एक वृद्ध उपासिका उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्या मालकांनी हातभट्टी लावून चार लेकरं जगवली. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांना तिथं कुणी भाजत असंल का?"

आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. कम्म, विपाक, चेतना असे शब्द त्यात होते. उपासिका खाली बसल्या, पण त्यांचे समाधान झाले नव्हते आणि आमचेही झाले नव्हते. परतीच्या प्रवासात आमच्या मनात एक वेगळाच विचार घोळत राहिला. दयाळू ईश्वर नरक कसा निर्माण करतो, हा प्रश्न आपण इतर धर्मीयांना मोठ्या हिरीरीने विचारतो. आपल्याच तिपिटकात निरयाची पानेच्या पाने आहेत, आणि ती ज्या महाकारुणिकाच्या नावावर आहेत, त्याच्या करुणेशी त्यांचा मेळ कसा घालायचा, हे आपल्याला कोणी विचारले तर? प्रस्तुत लेख म्हणजे त्या उपासिकेला उशिराने दिलेले उत्तर होय.

प्रथम हा प्रश्न जेथे अत्यंत तीव्रतेने विचारला गेला तेथे जाणे योग्य होईल. ख्रिस्ती परंपरेत ईश्वर सर्वशक्तिमान आहे, सर्वज्ञ आहे आणि प्रेमस्वरूप आहे. तोच निर्माता आणि तोच अंतिम न्यायाधीश. अशा ईश्वराच्या राज्यात अनंतकाळ जळणारा नरक कसा असू शकतो, ही शंका बाहेरच्या टीकाकारांनी उपस्थित करण्यापूर्वी त्या धर्मातील विचारवंतांनीच उपस्थित केली. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा ऑरिजेन याने असे प्रतिपादन केले की, ईश्वराची शिक्षा ही वैद्याच्या उपचारासारखी असून अखेरीस सर्व जीव शुद्ध होऊन त्याच्याकडे परततील. चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरीचा कलही तिकडेच होता. परंतु पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने आपल्या 'ईश्वराचे नगर' या ग्रंथाचे एकविसावे प्रकरण अशा कोमल हृदयाच्या ख्रिस्ती बांधवांचे खंडन करण्यासाठी खर्ची घातले. शरीर अनंतकाळ जळूनही नष्ट कसे होत नाही, हे पटविण्यासाठी त्याने मोराचे शिजवलेले मांस वर्षभर ठेवूनही कुजले नाही, हा स्वतःचा अनुभव सांगितला आहे. एवढ्या थोर बुद्धीच्या माणसाला मोराच्या मांसाचा आधार घ्यावा लागावा, यातच त्या पक्षाची अडचण दिसून येते. पुढे ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने ऑरिजेनच्या मतांविरुद्ध फर्मान काढले आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याचे नाव बहिष्कृतांच्या यादीत घातले. करुणेची बाजू घेणारा पाखंडी ठरला.

हा वाद तेथेच थांबला नाही. १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक एफ. डी. मॉरिस यांना अनंत शिक्षेच्या रूढ कल्पनेवर शंका घेतल्याबद्दल आपले अध्यापनाचे पद गमवावे लागले. १९९२ मध्ये कॅथलिक चर्चने प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात नरकाची व्याख्या, मनुष्याने ईश्वराच्या सहवासातून स्वतःला स्वतःच वगळून घेणे, अशा अर्थाची करण्यात आली. म्हणजे दीड हजार वर्षांच्या चर्चेनंतर न्यायाधीशाच्या हातातील दंड हळूहळू काढून घेण्याकडे त्या परंपरेतील विचारी माणसे वळली. हे आम्ही उपहासाने लिहीत नाही. या प्रश्नाशी प्रामाणिकपणे झगडणाऱ्यांविषयी आम्हांला आदरच वाटतो.

बौद्धांनी ही शंका ईश्वरवाद्यांना फार पूर्वीच विचारली होती. सुख-दुःखाचे कारण ईश्वराची निर्मिती मानले, तर मनुष्य हिंसकही ईश्वराच्या निर्मितीमुळेच होईल आणि मग कर्तव्य-अकर्तव्य यांना काही अर्थ उरणार नाही, असा युक्तिवाद अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात आहे. देवदहसुत्तात हाच तर्क थोड्या मिश्किलपणे निगंठांना लावला आहे: प्राण्यांची सुख-दुःखे ईश्वरनिर्मित असतील, तर एवढ्या तीव्र वेदना भोगणारे तुम्ही निश्चितच एखाद्या दुष्ट ईश्वराने निर्माण केलेले असले पाहिजे. भूरिदत्तजातकातील गाथांत तर सर्व लोकांचा स्वामी असूनही जग दुःखी ठेवणाऱ्या ब्रह्म्याला उघडउघड अधार्मिक ठरविले आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा हे धम्माचे अंग का नव्हे याची चर्चा करताना हीच विचारधारा पुढे नेली आहे.

मात्र दुसऱ्याला विचारलेला प्रश्न कधीतरी आपल्याकडे परत येतोच. २६ आणि २८ ऑगस्ट १८७३ रोजी सिंहलद्वीपात पानदुरा येथे भिक्खू मिगेट्टुवत्ते गुणानंद आणि पाद्री डेव्हिड डी सिल्व्हा यांच्यात जो प्रसिद्ध वादविवाद झाला, त्यात गुणानंदांनी बायबलमधील ईश्वराच्या क्रोधी वर्तनावर प्रहार केले. पाद्र्यांनी उलट विचारले की, आत्मा नाही असे तुम्ही म्हणता, मग पाप करणारा एक आणि निरय भोगणारा दुसराच, हा कोठला न्याय? हा प्रतिप्रश्न टाकाऊ नव्हता. अनात्मवाद आणि कम्म-पुनर्जन्म यांतील विसंगती बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बौद्धांनी सोडविण्याच्या प्रश्नांपैकी एक म्हणून नोंदविली आहे.

आता निरयाकडे वळू. देवदूतसुत्ताचे आणि त्याच्या आधीच्या बालपंडितसुत्ताचे बारकाईने वाचन करणाऱ्याला एक गोष्ट खटकल्याशिवाय राहात नाही. निरयातील शिक्षा या आकाशातून पडलेल्या नाहीत. बालपंडितसुत्तात मूर्ख मनुष्याला याच जन्मात होणाऱ्या दुःखांपैकी एक म्हणून राजपुरुषांनी पकडलेल्या चोराला दिल्या जाणाऱ्या शिक्षांची लांबलचक यादी येते: चाबूक, वेत, हात-पाय तोडणे, नाक-कान कापणे आणि त्याहूनही भयंकर प्रकार. नंतर निरयाचे वर्णन सुरू होते तेव्हा आपण जणू त्याच कोठडीच्या आतल्या दालनात शिरतो. देवदूतसुत्तात यम ज्या पाच देवदूतांविषयी विचारतो, त्यांतील चौथा देवदूत म्हणजे राजाकडून शिक्षा भोगणारा गुन्हेगार होय. अंगुत्तरनिकायात या सुत्ताचा जो संक्षिप्त पाठ आहे, त्यात देवदूत तीनच आहेत: वृद्ध, रोगी आणि मृत. तीनाचे पाच होताना राजदंड त्यात येऊन बसला, असे आम्हांला वाटते. निरय ही तत्कालीन राजसत्तेच्या वधस्थळाची छाया आहे.

ही छाया उलटीही पडली. अशोकावदानात अशी कथा आहे की, आरंभीच्या काळातील क्रूर अशोकासाठी गिरिक नावाच्या वधिकाने एक बंदिगृह चालविले होते. तेथील यातना त्याने कोठून शिकल्या? कुक्कुटारामात एक भिक्खू निरयांचे वर्णन असलेल्या सूत्राचे पठण करीत होता, ते ऐकून! पाटलिपुत्रातील या 'अशोकाच्या नरकाची' जागा फाहियान आणि ह्युएनत्संग या दोघाही चिनी यात्रेकरूंना दाखविण्यात आली होती. कथा म्हणून ती ऐतिहासिक नसेल, परंतु निरयाची वर्णने ऐकणाऱ्याला ती सत्प्रवृत्त करतीलच असे नाही, वधिकाच्या कानी पडली तर त्याला ती शिकवणी होईल, हे तिच्या बौद्ध रचनाकाराने ओळखले होते. शिलालेखांतील अशोक मात्र वेगळा आहे. चौथ्या स्तंभलेखात त्याने देहान्ताची शिक्षा झालेल्या बंद्यांना तीन दिवसांची मुदत दिली आहे, ती अशासाठी की त्यांच्या नातलगांना त्यांच्या प्राणांसाठी रदबदली करता यावी. ही रदबदलीची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिच्याकडे पुन्हा येऊ.

आणि न्यायाधीश कोण? देवदूतसुत्तातील यम हा निर्माता नव्हे. तो फक्त विचारपूस करतो: जन्म, जरा, व्याधी, राजदंड, मरण हे तुला दिसले नाहीत काय? मग तो सांगतो की हे पाप तुझ्या आईने केले नाही, बापाने नाही, भावा-बहिणीने नाही, देवांनी नाही. ते तूच केलेस. एवढे बोलून तो गप्प होतो. दंड देण्याचे काम निरयपाल करतात. सुत्ताच्या अखेरीस तर यम स्वतःच अशी इच्छा व्यक्त करतो की, आपल्याला मनुष्यजन्म मिळावा, जगात तथागत उत्पन्न व्हावेत आणि त्यांच्या धम्माचे श्रवण आपल्याला घडावे. ज्याला आपल्या आसनावरून सुटका हवी आहे असा न्यायाधीश जगाच्या धर्मवाङ्मयात विरळाच म्हणावा लागेल.

निरयपालांविषयीही बौद्ध आचार्य स्वस्थ बसले नाहीत. तिसऱ्या संगीतीच्या वेळी मोग्गलिपुत्त तिस्स यांनी रचला असे परंपरा मानते त्या कथावत्थूत, निरयात पाल आहेत की नाहीत, यावर एक स्वतंत्र कथा आहे. अट्ठकथेनुसार आंध्रदेशातील अंधक निकायांचे म्हणणे असे होते की, निरयपाल नावाचे प्राणी नाहीतच, पापी मनुष्याची कम्मेच त्या रूपाने त्याला छळतात. थेरवाद्यांनी हे मत नाकारले. पण अनेक शतकांनंतर आचार्य वसुबंधूंनी आपल्या 'विंशतिके'त तेच मत अधिक बळकट केले. निरयाच्या तप्त भूमीवर उभे राहून ज्यांना स्वतःला भाजत नाही, ते तेथे जन्मलेले प्राणी कसे असतील, असा त्यांचा साधा पण बिनतोड प्रश्न आहे. संयुत्तनिकायात तर खुद्द भगवंतांनी, अज्ञ लोक महासागरात पाताळ आहे असे म्हणतात, परंतु पाताळ हे दुःखद शारीरिक वेदनेचेच नाव आहे, असे सांगितले आहे. निरयाला आत वळविण्याची ही दिशा सुत्तांपासूनच आहे.

येथे एका तुलनेचा मोह आवरत नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात एकवीस नरकांची नावे दिली आहेत, आणि त्याच्या थोडे आधी असे सांगितले आहे की, जो शूद्राला धर्म सांगेल, तो त्या शूद्रासह असंवृत नावाच्या नरकात बुडेल. म्हणजे ज्ञान देणाराही नरकात आणि घेणाराही! २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जी पोथी जाळण्यात आली, तिच्यातील नरक हा वर्णव्यवस्थेचा पहारेकरी होता. पालि सुत्तांतील निरयाचा उपयोग नेमका उलट आहे. माधुरसुत्तात महाकच्चान थेर मथुरेच्या अवन्तिपुत्त राजाला विचारतात की, हिंसा, चोरी, असत्य भाषण करणारा क्षत्रिय निरयात जाईल की नाही? आणि ब्राह्मण? वैश्य? शूद्र? राजाला कबूल करावे लागते की या बाबतीत चारही वर्ण समसमान आहेत. अस्सलायनसुत्तातही तरुण ब्राह्मण पंडिताला हीच कबुली द्यावी लागते. निरय येथे समतेचा साक्षीदार म्हणून उभा केला आहे.

एवढ्याने करुणेचा प्रश्न सुटला असे मात्र नाही. तो सर्वांत धारदारपणे उभा राहतो देवदत्ताच्या संदर्भात.

अभयराजकुमारसुत्तात निगंठ नातपुत्ताने अभय राजकुमाराला एक दुहेरी पेच शिकवून पाठविले आहे. तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतात काय? बोलतात म्हटले तर सामान्य माणसात आणि त्यांच्यात फरक काय? बोलत नाहीत म्हटले तर देवदत्त निरयगामी आहे, कल्पभर तेथे राहणारा आहे, असाध्य आहे, असे ते का म्हणाले, ज्यामुळे देवदत्त संतापला? त्या वेळी अभयाच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. भगवंतांनी विचारले की, या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणाला की मी तो काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला मुलाची अनुकंपा आहे. निरयाची गोष्ट काढण्यामागील हेतू येथे स्पष्ट होतो. ती धमकी नाही, ते घशातील खडा काढण्यासाठी घातलेले बोट आहे. पण बारकाईने पाहणारा विचारील की, देवदत्ताचा खडा निघाला कोठे? ज्याला असाध्य म्हटले त्याच्यावर उपचार कसले?

हाच प्रश्न मिलिन्दपञ्हाच्या मेण्डकपञ्ह या भागात राजा मिलिंदाने सर्व बाजूंनी विचारला आहे. हा भाग ग्रंथाच्या जुन्या चिनी अनुवादात नाही, त्यामुळे तो इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील यवन राजाच्या प्रत्यक्ष संवादाचा नसून नंतरच्या आचार्यांनी जोडलेला आहे, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. आमच्या दृष्टीने त्याने त्याचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. बौद्ध आचार्यांना स्वतःलाच जो प्रश्न छळत होता, तो त्यांनी राजाच्या तोंडी घातला.

पेच असा आहे. संघभेद फक्त भिक्खूच करू शकतो, गृहस्थ करू शकत नाही. संघभेदाचे फळ कल्पभर निरय. देवदत्ताला पब्बज्जा भगवंतांच्याच शासनात मिळाली. तो पुढे संघभेद करील हे भगवंतांना ठाऊक होते काय? ठाऊक असून पब्बज्जा दिली असेल तर ते कारुणिक नव्हेत. ठाऊक नसेल तर ते सर्वज्ञ नव्हेत. वाचकांच्या लक्षात येईल की, ऑरिजेन आणि ऑगस्टीन ज्या प्रश्नाभोवती फिरत होते, तोच हा प्रश्न आहे. ज्याचा सर्वनाश आधीच दिसतो त्याला निर्माण का करावे? फक्त 'निर्माण' या शब्दाच्या जागी 'पब्बज्जा' हा शब्द आला आहे.

नागसेन उत्तर देतात की भगवान सर्वज्ञही होते आणि कारुणिकही. देवदत्त गृहस्थ राहिला असता तर पापावर पाप रचीत अगणित कल्पांपर्यंत एका निरयातून दुसऱ्या निरयात गेला असता. पब्बज्जेमुळे त्याच्या दुःखाला अंत आला. राजा गप्प बसत नाही. तो म्हणतो की, मग भगवान आधी मारतात आणि मागून तेल चोळतात, आधी कड्यावरून लोटतात आणि मग हात पुढे करतात. त्यावर नागसेन उपमा देतात: मुलाच्या हितासाठी त्याला मारणारे आईबाप, जबर रोगावर तीव्र औषध देणारा वैद्य, आणि वधाची शिक्षा झालेल्या चोरासाठी राजाकडे रदबदली करून ती शिक्षा हात-पाय तोडण्यावर आणणारा वजनदार पुरुष.

यांपैकी आईबापांची उपमा आम्हांला लंगडी वाटते. राजाचा आक्षेप तिला तसाच लागू पडतो, कारण तेथे मारणाराही तोच आणि माया करणाराही तोच. रदबदलीची उपमा मात्र मोलाची आहे. तिच्यात तीन माणसे आहेत: चोर, शिक्षा फर्मावणारा राजा आणि मध्ये पडणारा पुरुष. अशोकाने ज्यांच्यासाठी तीन दिवसांची मुदत ठेवली होती, त्या नातलगांच्या जागी तो उभा आहे. बुद्ध या उपमेत राजा नाहीत. निरय त्यांनी निर्माण केला नाही आणि तो मोडून टाकण्याची सत्ताही त्यांच्याकडे नाही. ते प्राण वाचवितात, पण हात-पाय वाचवू शकत नाहीत. ही उपमा वाचताना अंगावर काटा येतो, परंतु ती प्रामाणिक आहे. दंड देणारा हात आणि मध्ये पडणारा हात ती वेगळे ठेवते. जेथे हे दोन्ही हात एकाच देहाचे मानले, तेथेच ऑगस्टीनला मोराचे मांस आठवावे लागले.

मग हा पेच मुळात उभा राहिला कसा? आमच्या मते त्याचे मूळ 'सर्वज्ञ' या शब्दात आहे. तेविज्जवच्छगोत्तसुत्तात वच्छगोत्त परिव्राजक विचारतो की, श्रमण गोतम चालता-बसता, झोपेत-जागेपणी सतत सर्व काही जाणतात असे लोक म्हणतात, ते खरे काय? भगवान स्पष्ट सांगतात की, असे म्हणणारे माझ्यावर जे नाही ते लादतात, मला तीन विद्या आहेत एवढेच म्हणावे. या बुद्धाला मिलिंदाचा पेच लागूच होत नाही. त्यांनी आपल्या एका शाक्य आप्ताला, इतरांना दिली तशी, संघात जागा दिली. तो पुढे बिघडला. शतकांच्या ओघात भक्तीपोटी बुद्धाला जितके ईश्वराच्या जवळ नेण्यात आले, तितका ईश्वराचा हा जुना प्रश्न आपल्या दारी येऊन उभा राहिला. निरयाने बुद्धाच्या करुणेला जी बाधा आली, ती निरयामुळे नव्हे, बुद्धाला चिकटविलेल्या सर्वज्ञतेमुळे आली.

तरीही आचार्यांच्या मनाने देवदत्ताला अनंतकाळ जळत ठेवले नाही, हे नमूद केलेच पाहिजे. मिलिन्दपञ्हानुसार कल्पाचे सहा भाग केले, तर पहिला संपल्यावर त्याने संघभेद केला. उरलेले पाच भाग भोगून तो सुटेल आणि अट्ठिस्सर नावाचा पच्चेकबुद्ध होईल. धम्मपदट्ठकथेतही तो पुढे अट्ठिस्सरच होतो, फक्त काळाचे माप वेगळे आहे. महायानी सद्धर्मपुंडरीकात तर तो देवराज नावाचा तथागत होणार आहे. कोकालिकाच्या कथेतही तीळ मोजण्याच्या उपमेने निरयाचा काळ अतिप्रचंड दाखविला आहे, पण तीळ शेवटी संपतात. निरयाला अंत नाही असे म्हणण्याचे धाडस कोणत्याही बौद्ध आचार्याने केले नाही.

देवदत्ताविषयी आणखी एक गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावीशी वाटते. पाचव्या शतकात श्रावस्तीच्या परिसरात देवदत्ताचे अनुयायी अस्तित्वात होते, असे फाहियान लिहितो. ते पूर्वीच्या तीन बुद्धांची पूजा करीत, शाक्यमुनींची नव्हे. सातव्या शतकात ह्युएनत्संगाला कर्णसुवर्णात देवदत्ताच्या नियमानुसार दूध-दही वर्ज्य करणारे भिक्खू आढळले. म्हणजे हजार वर्षे टिकलेला तो एक प्रतिस्पर्धी संघ होता. विनयाच्या चुल्लवग्गात सारिपुत्त-मोग्गल्लान त्याचे भिक्खू परत नेतात, तेव्हा देवदत्ताच्या तोंडातून उष्ण रक्त येते. पृथ्वी दुभंगून त्याला गिळते ती कथा अट्ठकथेची आहे. प्रतिस्पर्धी जिवंत असला की त्याच्या गुरूचा निरयही अधिक खोल होत जातो. धर्मांच्या इतिहासात हे सर्वत्र घडले आहे आणि आपणही त्याला अपवाद नाही.

आता त्या उपासिकेच्या प्रश्नाकडे. निरयाच्या भीतीने मनुष्याला खिळवून टाकणाऱ्या मताचा तथागतांनी कसा समाचार घेतला, ते संयुत्तनिकायातील संखधमसुत्तात पाहावे. असिबंधकपुत्त ग्रामणी निगंठांचे मत सांगतो की, जो कोणी हिंसा करतो तो निरयात पडतो. भगवान म्हणतात की, अशा उपदेशाने ज्याने कधी हिंसा केली आहे तो 'मी आता गेलोच' ही दृष्टी धरून बसतो आणि तीच त्याला खाली ओढते. तथागत पापाची निंदा करतात, पण ते ऐकून श्रावक म्हणतो की, झाले ते न झाले होणार नाही, पण यापुढे करणार नाही. तो ते सोडतो आणि मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा यांनी चित्त भरून टाकतो. बलवान शंख वाजविणाऱ्याचा नाद जसा चारही दिशांना पोहोचतो, तसे हे. अंगुत्तरनिकायातील लोणफलसुत्तात मिठाच्या खड्याची उपमा आहे. तो वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी खारट होते, गंगेत टाकला तर होत नाही. त्याच सुत्तात दुसरी एक उपमा आहे की, अर्ध्या कार्षापणासाठी गरिबाला तुरुंगात टाकतात, श्रीमंताला टाकत नाहीत. उपमा म्हणून ती दिली आहे, समर्थन म्हणून नव्हे. तरी ती वाचताना दारिद्र्याने चूल पेटविण्यासाठी भट्टी लावणाऱ्याची आठवण आल्यावाचून राहात नाही. लोकांच्या दैन्याचा भार त्यांच्याच गतजन्मीच्या कम्मावर टाकला की राज्य आणि समाज आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हा बाबासाहेबांनी दिलेला इशारा येथे विसरता कामा नये.

मेलेला मनुष्य कोठे गेला, हे ठरविण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे? मिगसाला नावाच्या उपासिकेने आनंदांना असाच प्रश्न विचारला होता. तिचे वडील ब्रह्मचारी होते, चुलते नव्हते, तरी दोघांचीही गती भगवंतांनी सारखीच सांगितली, हे कसे? भगवंतांनी आनंदांना बजावले की, माणसांची मापे काढीत बसू नका, मापे काढणारा स्वतःचेच नुकसान करतो. (त्या सुत्तात मिगसालेविषयी जे कठोर शब्द आले आहेत ते आम्हांला रुचत नाहीत. तिचा प्रश्न रास्त होता.) आणि कपिलवस्तूचा सरकानी शाक्य तर मद्यपान करणारा म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या मृत्यूनंतर भगवंतांनी तो स्रोतापन्न झाला, त्याला आता अधोगती नाही, असे सांगितले, तेव्हा शाक्यांनी निषेधाचा सूर काढला: मग स्रोतापन्न कोण नाही? भगवान आपल्या म्हणण्यावरून मागे सरले नाहीत. मरणसमयी त्याने शिक्षा पूर्ण केली होती, असे त्यांनी महानामाला सांगितले.

पुढच्या वर्षी वर्षावासात आम्ही मुद्दाम त्याच गावी गेलो आणि सरकानीसुत्त वाचले. वाचन संपल्यावर त्या उपासिका जवळ आल्या. आम्ही त्यांना मिठाच्या खड्याची गोष्टही सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, ह्यांनी भट्टी शेवटची सहा वर्षं बंद केली होती. पोराचं लग्न झालं त्या साली, आपल्या मनानं. मागच्या वर्षी ते तुम्ही विचारलंच नाही."